साब्रीची रेघ

आमच्या ब्रेझना गावाच्या वर, पाइनच्या रानात, एक कातळ उभा आहे. त्यावर काहीतरी कोरलेलं आहे. नेमकं काय, हे गावात कोणालाच माहीत नाही, आणि त्यामुळे कोणाचं काही अडलेलंही नाही. आम्ही त्याला ‘लिहिलेला दगड’ म्हणतो. अडतं ते बाहेरून येणाऱ्यांचं. एक प्राध्यापक आले, म्हणाले, ही थ्रेसच्या प्राचीन लोकांची प्रार्थना आहे. दुसऱ्यांनी सांगितलं, वाट चुकलेल्या केल्ट सैनिकांनी आपल्या सरदाराचं नाव कोरलंय. तिसऱ्यांनी अक्षरं आरशात बघून वाचली. चौथे गृहस्थ तर म्हणाले की कोणी काही लिहिलेलंच नाही, या नुसत्या पाण्याबर्फाने पडलेल्या भेगा आहेत. त्यांना आमच्या रासिमने आपल्या दुकानात कॉफी द्यायची नाकारली. “साहेब,” तो म्हणाला, “भेगाच बघायच्या होत्या तर माझ्या टाचा बघायच्या. एवढा डोंगर कशाला चढलात?”

या सगळ्यांना एक गोष्ट कोणी सांगितली नाही. ती बायकांची गोष्ट आहे. मशिदीतल्या होजाला ती आवडत नव्हती, पुढे कम्युनिस्ट पक्षाच्या लोकांनाही आवडेना, म्हणून ती आमच्यातच राहिली. मुलगा दूर निघाला, सैन्यात, खाणीत, परमुलखात, की आई त्याला घेऊन दगडापाशी जाते. दगडावरच्या रेघांमधली एक रेघ त्याची ठरवते आणि घोड्याच्या नालेच्या खिळ्याने ती एकदा गिरवते. तो परत आला की चुलीतली राख मेणात कालवून आपल्या अंगठ्याने ती रेघ स्वतः बुजवतो. आई मागे उभी राहते. मग दोघं घरी येऊन जेवतात. बुजवणाऱ्याने त्या घरी जेवल्याशिवाय जायचं नसतं. माणूस मेलेलाच घरी आला, तर घरातला पुरुष मेणात काजळी कालवून रेघ काळी करतो. आणि तो आलाच नाही, तर आईने दर वर्षी वसंतातल्या हिदरलेझच्या सणाला जाऊन रेघ पुन्हा गिरवायची, म्हणजे शेवाळ धरत नाही, वाट बुजत नाही.

नेफियेमावशीने साब्रीची रेघ पस्तीस-छत्तीस वर्षं गिरवली.

ती माझ्या समोरच्या घरात राहायची. ठेंगणी, रुंद हाडाची, डोक्याचा रुमाल कपाळावर नीट ओढलेला, आणि तंबाखूची पानं ओवून ओवून बोटांची टोकं कायमची पिवळी झालेली. जिभेची तिखट होती. माझ्या लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात माझी जळकी बनित्सा, चीज भरलेली भाजकी पोळी, चाखून म्हणाली होती, “मास्तरीण, पोरांना शिकवतेस ते ठीक आहे, पण चुलीला शिकवायला जाऊ नकोस. ती तुझं ऐकायची नाही.”

तिचा नवरा शिशाच्या खाणीत होता. एका हिवाळ्यात त्याला फळीवर घालून घरी आणलं. त्याच्या भावाने त्याची रेघ काळी केली. साब्री तेव्हा पाळण्यात होता. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागे लागले. तिने तंबाखूचं शेत केलं, दोन बकऱ्या पाळल्या आणि मुलगा मोठा केला. तो बापासारखाच निघाला, रुंद पंजाचा. पटातनिक केला, म्हणजे किसलेला बटाटा आणि पुदिना घालून जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजला, की आधी सगळ्या जळक्या कडा तोडून खायचा आणि मग मधलं मऊ खायचा. “लोक आधी मऊ खातात रे,” ती म्हणायची. “लोकांना खाऊ दे, आई,” तो म्हणायचा.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी सरकारने आमची मुसलमानी नावं बदलून स्लाव नावं दिली. मी तेव्हा शाळेत शिकत होते. सकाळी एका नावाने गेले, दुपारी दुसऱ्या नावाने परत आले. नेफियेची नेवेना झाली, साब्रीचा स्विलेन झाला. तेव्हा शहरातून एक विद्वान आणला होता. शाळेच्या पटांगणात सगळ्यांना उभं करून त्याने भाषण दिलं की लिहिलेल्या दगडावरची अक्षरं जुनी स्लाव अक्षरं आहेत, म्हणजे तुमचे पूर्वज आमचेच होते, म्हणजे ही नवी नावं नवी नाहीतच, तुमची हरवलेली नावं आहेत. सगळे खाली मान घालून ऐकत होते. साब्री लाकडाच्या कारखान्यात कामाला होता, विशीसुद्धा पुरी नव्हती. तो मोठ्याने म्हणाला, “दगडाला विचारलंत का?”

लोक हसले. त्या हसण्याचीच किंमत जास्त झाली. त्याला मिलिशियाच्या, म्हणजे पोलिसांच्या, चौकीत नेलं. परत आला तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं.

थोड्या दिवसांनी तो आईला म्हणाला, “आई, माझी रेघ काढ.”

“सैन्याचा कागद आला?”

“सैन्यच समज.”

कागद यायचाच होता, त्यामुळे तिला काही खटकलं नाही. उजवीकडची, अगदी खालची, एक लांब रेघ तिने निवडली, कारण तिथे तिचा हात नीट पोचायचा. गिरवताना ती त्याला म्हणाली, “तिकडे गरम मोजे घालत जा.” तो म्हणाला, “हो.” दुसऱ्या दिवशी मेंढ्यांकडे जातो म्हणून वरच्या कुरणात गेला. कुरणाच्या पलीकडे रान, रानापलीकडे सरहद्दीची तार, तारेपलीकडे ग्रीस.

सैन्याचा कागद त्यानंतर आठवड्याने आला.

गावात तेव्हापासून वादाला दोन विषय झाले: दगड कोणी लिहिला आणि साब्री कुठे गेला. कोणी म्हणे तो जर्मनीत आहे, गाड्यांच्या कारखान्यात. कोणी म्हणे ऑस्ट्रेलियात, मेंढ्या आहेत हजारांनी. एकाच्या मेव्हण्याने त्याला इस्तंबूलच्या बाजारात पाहिलं होतं, पाठमोरा. आणि काही जण, ज्यांनी तारेवर पहाऱ्याची नोकरी केली होती, ते या गप्पांच्या वेळी कॉफीच्या पेल्यात बघत बसायचे. पुढे ते राज्य गेलं, तार गेली, नावं परत मिळाली. नेफियेमावशी जिल्ह्याच्या गावी जाऊन विचारून आली. त्या नावाची कसलीच नोंद नाही म्हणाले. ना साब्रीची, ना स्विलेनची. ती माझ्या पायरीवर बसून म्हणाली, “बघ मास्तरीण, दोन नावं दिली आणि एकही जपून ठेवता आलं नाही.”

तिच्या फाटकाला कडी होती, पण ती लावलेली कोणी पाहिली नव्हती. लांडगे उतरायचे त्या हिवाळ्यांतही नाही. मी कधी बोलले तर म्हणायची, “तो एका कानाने बहिरा आहे. मी आतून ‘आले, आले’ म्हटलेलं त्याला ऐकू यायचं नाही. परत जाईल.”

माझा मुलगा स्पेनला बांधकामावर गेला तेव्हा खिळा तिनेच माझ्या हातात दिला. मी शिकलेली बाई, मला हसू येत होतं, खिळा नुसता टेकवून उभी राहिले. “दाबून ओढ,” ती मागून म्हणाली. “लाजत ओढलीस तर तो लाजत येईल.”

एका सप्टेंबरात सोफियाहून दगडाची डागडुजी करणारे लोक आले. त्यांचा मुख्य लाचेझार नावाचा, पंचावन्नच्या आसपासचा, भरदार, पिकल्या मिशांचा माणूस होता. जन्मभर त्याने जुन्या मठांच्या भिंती आणि कातळ सांभाळले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: अक्षरं कोणाची ते प्राध्यापक ठरवतील, पण भेगांत पाणी शिरतं, थंडीत गोठतं आणि दगड फोडतं, म्हणून भेगा तेवढ्या बुजवायच्या. अक्षरांना हात लावायचा नाही. सगळ्यांना पटलं. बटाटे काढायचे दिवस होते, गाव सगळं शेतात होतं. वर कोणी फिरकलं नाही.

काम संपवून ते खालच्या गावात मुक्कामाला उतरले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघत होते. नेफियेमावशी वरच्या वाटेने उतरताना दिसली. एरवी काठी टेकत उतरायची, आज काठी काखेत होती.

“मास्तरीण, पीठ आहे का गं? आणि लोणी दे, माझ्याकडचं जुनं झालंय.”

“एवढी कसली घाई, मावशी?”

“साब्री आलाय.”

मी पायरीवरच थांबले. “कुठे आहे?”

“गावात नाही आला अजून. पण रेघ बुजवलीये. राखेसारखी करडी, गुळगुळीत. अंगठा फिरवलेला दिसतो गं! मी माझा ठेवून बघितला, माझा आत बुडाला. एवढा मोठा अंगठा गावात कोणाचाय सांग.”

“मग घरी का नाही आला?”

“भीत असेल. तो गेला तेव्हा कोण होते इथे? मिलिशिया होती. ते गेले हे त्याला कोण सांगणार? रानात बसून बघत असेल आधी.” मग माझ्याकडे बघून रागावली. “अशी काय बघतेस? लोणी दे.”

मी लोणी दिलं.

त्या दिवशी तिने घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं, गाद्या उन्हात टाकल्या, कुत्रा मागे नेऊन बांधला. पटातनिक केला आणि फाटक सताड उघडून बाकावर बसली. संध्याकाळी तो कुत्र्याला घातला आणि दुसऱ्या दिवशी नवा केला. रासिमच्या दुकानात दगडाचा विषय मागे पडला.

“काल वरच्या रस्त्याला परदेशी नंबरची गाडी होती,” रासिम म्हणाला. “मी स्वतः पाहिली.”

“अरे ते मशरूम विकत घेणारे.”

“मशरूमवाला उतरून डोंगराकडे बघत उभा राहतो का, तोंड पुसत?”

“घाम आला असेल.”

“तुझा मुलगा गेला असता ना, मग तुला घाम आणि पाणी ओळखता आलं असतं.”

निम्मं गाव त्या दिवशी साब्री आल्यासारखंच बोलत होतं. हसेन म्हाताऱ्याने, जो तारेवर नोकरीला होता, त्याने मात्र कॉफी अर्धी टाकली आणि घरी गेला.

शाळा सुटल्यावर मी वर गेले. करडं लुकण होतं, चुन्याचं. साब्रीच्या रेघेत होतं, तसंच डाव्या अंगाच्या फटीत होतं, वरच्या तड्यातही होतं. मावशी तेवढं बघायला थांबलीच नव्हती. तिला एकच रेघ दिसली होती. मी खाली बसून त्या जागेवर हात फिरवला तेव्हा मला कळलं काय झालं ते. बाकीच्या रेघा वरवरच्या होत्या, नखाच्या जाडीएवढ्या खोल. हिने वर्षानुवर्षं दाबून दाबून आपली रेघ इतकी खोल केली होती की जन्मभर दगड बघितलेल्या माणसालाही ती अक्षर वाटली नाही. त्याला ती बर्फाने फाडलेली भेग वाटली.

मी लाचेझारना फोन करून सगळं सांगितलं. रेघ कुठली, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “तुम्ही काही बोलू नका, बाई. हात माझा होता. मी येतो.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतत होते तेव्हाच ते पोचले. गाडी खाली झऱ्यापाशी ठेवून ते पायी चढत होते, आणि मी मागून, वळणावरून, बघत होते. पिकल्या केसांचा, रुंद खांद्यांचा माणूस, टोपी हातात घेतलेला, नेफियेमावशीच्या उघड्या फाटकातून आत गेला. ती बाकावरून उठली. हात एप्रनला पुसले. रुमाल सारखा केला. माझ्या तोंडून हाक निघाली, पण मी लांब होते.

मी फाटकाशी आले तेव्हा ती त्याच्या अगदी जवळ उभी होती आणि त्याच्या डाव्या कानाकडे बघत होती.

“बोल की,” ती हळूच म्हणाली. “ऐकू येतं का आता?”

“मावशी, मी लाचेझार. सोफियाहून आलो. दगडाचं काम…”

तिने त्याचा उजवा हात उचलून धरला आणि अंगठा उन्हात फिरवून बघितला. नखाच्या कडेला करडा चुना अजून होता.

“तू बुजवलीस?”

“मला भेग वाटली. कोणाची रेघ असेल हे… मला माफ करा. लुकण चुन्याचं आहे, सिमेंट नाही. मी उद्या सगळं काढून देतो. होतं तसं करतो.”

तिने त्याचा हात सोडला. मी तिला धरायला पुढे झाले. तिने मला डोळ्यांनी थांबवलं.

“बस,” ती त्याला म्हणाली. “बुजवणारा उपाशी जात नाही.”

पटातनिक गरम होता. तिने तो अख्खा त्याच्या पुढे ठेवला, दह्याचा वाडगा ठेवला आणि समोर बसून त्याला खाताना बघत राहिली. तो खाली बघत खात राहिला. शेवटी ताटात जळक्या कडा तेवढ्या उरल्या.

“कडा टाकल्यास?”

“दात चांगले नाहीत, मावशी.”

“वय काय तुझं?”

त्याने सांगितलं. ती मनाशी हिशेब करत असावी. मग तिने ताट आपल्याकडे ओढलं आणि एकेक कड उचलून स्वतः खाल्ली, सावकाश, चावून चावून.

“काढू नकोस,” ती म्हणाली. “काढलीस तर पाणी शिरेल म्हणालास ना? दगड फुटेल?”

“आज नाही. पण कधीतरी ती कड नक्की सुटेल. तुमची रेघ खोल आहे.”

“त्या दगडावर दुसऱ्यांची पोरंही आहेत. हिचा आहे.” तिने माझ्याकडे बोट केलं. माझा मुलगा त्या आठवड्यात फोन करायला विसरला होता, आणि मी खिडकीकडे बघितलं. “माझ्या एका पोरापायी त्यांचा कोपरा कशाला पाडायचा? बुजवायला माणूस आला, घरी आला, जेवला. तो येणारा असता तर एव्हाना आला असता, मास्तरीण. हसेन दोन दिवस मला बघून वाट बदलतोय. मी काय आंधळी आहे?”

पहिल्यांदाच तिने ते तोंडाने म्हटलं, आणि लगेच उठून चुलीपाशी गेली. तव्याची काजळी खरवडून वाटीत घेतली, मेण पातळ केलं, दोन्ही काडीने कालवलं. “काळी करायला घरातला पुरुष लागतो,” ती म्हणाली. “माझ्या घरात नाही. पण तू जेवलायस इथे.”

लाचेझारने माझ्याकडे पाहिलं. दगडाला नवा डाग लावणाऱ्यांना त्याने जन्मभर हाकललं होतं. त्याने टोपी उचलली आणि वाटी तिच्या हातातून घेतली.

आम्ही तिघं वर गेलो. ती काठी टेकत होती. कातळापाशी त्याने गुडघे टेकले आणि आपल्याच करड्या लुकणावर अंगठ्याने काजळी फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती मागे उभी राहिली. “साब्री,” ती म्हणाली. “स्विलेन नाही. साब्री.” तेवढंच. रडली नाही. लाचेझारचे खांदे मात्र हलत होते, आणि ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “ऊठ रे. गुडघे गारठतील.”

होजाने शुक्रवारी साब्रीसाठी मयताची प्रार्थना केली. देह नाही म्हणून त्याने आधी का-कू केलं. पण हसेन म्हातारा उठला, पुढच्या ओळीत जाऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, “म्हणा, होजा. मी सांगतो ना, म्हणा.” त्याला कोणी काही विचारलं नाही. नेफियेमावशीनेही नाही. त्याच्या घरी तिने क्लिनचा, म्हणजे भात भरून भाजलेल्या पोळीचा, एक तुकडा पाठवला, इतर सगळ्यांना पाठवला तसाच.

पुढच्या उन्हाळ्यात आलेल्या एका अभ्यासकाने दगडावर काळ्या रंगाचे अंश सापडल्याचं मोठ्या उत्साहाने सांगितलं. रासिमने त्याला कॉफी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पण मला आठवते ती दगडावरून उतरलो ती संध्याकाळ. लाचेझार निघून गेले, मी माझ्या पायरीवर चढले, तेव्हा समोरून हाक आली.

“मास्तरीण, जरा ये गं. ही कडी सरकेना.”

गंजून ती कडी तिच्या कोयंड्यात घट्ट बसली होती. मी लोणी लावून बघितलं, दगडाने ठोकून बघितलं. हलली नाही. “राहू दे,” ती म्हणाली. घरात जाऊन तिने तंबाखू ओवायचा दोरा आणला आणि फाटक खांबाशी ओढून बांधू लागली. बोटं पिवळी होती, गाठ पक्की बसायची, सवयीची. तरी दोनदा सुटली.

तिसऱ्यांदा बसली. तिने फाटक एकदा हलवून बघितलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “बकऱ्या बाहेर जायच्या.”